'डिस्क फॉरमॅट करा' असं कॉम्प्युटर म्हणाला तर आधी काय करायचं? एक्सटर्नल हार्ड डिस्क तपासून पुन्हा बॅकअपला लावण्याची पद्धत

एक्सटर्नल हार्ड डिस्क लावली आणि स्क्रीनवर खिडकी आली की ही डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का, तर कॅन्सल दाबा. बाकी लेख वाचायला वेळ नसेल तरी चालेल पण एवढं एक कराच. ती खिडकी आली म्हणजे डिस्क गेली असं नसतं, आतलं सगळं गेलं असंही नसतं, विंडोजला फक्त एवढंच म्हणायचं असतं की यावरची मांडणी, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवलीये याची नोंद, मला वाचता येत नाहीये. तुम्ही फॉरमॅट दाबलं की जुनी मांडणी पुसून तिथे नवी कोरी मांडणी लिहिली जाते, म्हणजे जे परत काढणं तोपर्यंत सोपं होतं ते अवघड होऊन बसतं.

हे मी इतकं ठासून सांगतोय कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः घाईत ते बटण दाबलंय. बाबांच्या एकसष्टीचं शूटिंग होतं त्यात. नंतर वरून त्याच डिस्कवर दुसऱ्या फायली कॉपी केल्या, आणि आठवडाभराने लक्षात आलं तोवर जुन्यावर नवं लिहिलं गेलं होतं, हाताला लागली ती फक्त औक्षणाची काही मिनिटं. तेव्हापासून हे सगळं नीट शिकून घेतलं आणि आता नात्यात कुणाची डिस्क रुसली की ती माझ्याकडे येते.

मागच्या पावसाळ्यात मावशीची आली. मावशी मिरजेला असते, शाळेतून रिटायर झालीये. तिच्या १ टीबीच्या डिस्कवर घरातले फोटो तर होतेच, पण मुख्य म्हणजे आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेल्या, साठेक तरी असतील. मूळ कॅसेटना केव्हाच बुरशी लागलीये. फोटो कॉपी करताना लाईट गेली, डेस्कटॉपला यूपीएस नाही, आणि लाईट आल्यावर ही खिडकी. शेजारचा मुलगा म्हणाला आणा काकू, फॉरमॅट मारून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. मावशीने नाही म्हटलं आणि डिस्क रुमालात गुंडाळून माझ्याकडे पाठवली. तिच्याच डिस्कवर मी काय काय केलं ते क्रमाने सांगतो, तुम्हीही तोच क्रम ठेवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून बरेच जण नवा लॅपटॉप घ्यायच्या आधी जुन्या डिस्का शोधून बॅकअप घेतायत, त्यांना तर हे लागणारच आहे.

पहिली पायरी: हात लावायच्या आधी दोन प्रश्न

यात काय आहे, आणि ते अजून दुसरीकडे कुठे आहे का. बस. दुसरीकडे असेल तर मोठी चिंता मिटली, आतलं बाहेर काढायची चौथी पायरी सोडून दिली तरी चालेल. नसेल तर ही डिस्क म्हणजे तुमचा बॅकअप नव्हताच, तो एकुलता एक माल होता, आणि आता त्यावर काहीही लिहायचं नाही, काहीही डिलीट करायचं नाही, दुरुस्त करू का असं विंडोजने विचारलं तरी लगेच हो म्हणायचं नाही.

दुसरी पायरी: कान लावा, मग केबल बदला

डिस्क लावल्यावर हलकी घरघर आणि मधूनच बारीक कुरकुर, हे नॉर्मल. पण घड्याळासारखं एका लयीत टक… टक… टक, मग फिरणं थांबतं, परत सुरू, परत टक… टक, असं असेल तर ताबडतोब काढा. आतल्या तबकडीवर वाचणारा हेड काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत असतो, तबकडी मिनिटाला ५४०० वेळा वगैरे फिरत असते, आणि तो हेड बिघडला असेल तर प्रत्येक वेळी डिस्क चालू करणं म्हणजे आतला पृष्ठभाग आणखी खरवडून घेणं आहे. फ्रीजमधे ठेवा, हलकेच आपटा, स्क्रू काढून बघा, हे सगळे उपाय ऐकायला मिळतील, त्यातला एकही करू नका. ओव्या किंवा लग्नाचे फोटो असतील तर ते काम डेटा रिकव्हरीच्या लॅबचं, जिथे धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात. खर्चिक आहे, पण घरी प्रयोग केल्यावर लॅबवाल्यांनाही काही करता येत नाही.

भिजलेल्या डिस्कचंही तेच. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे कितीतरी घरांत कॉम्प्युटर पाण्यात गेले. पाण्यातून निघालेली डिस्क लावून बघायची नाही, ड्रायरने वाळवायची नाही, तशीच पिशवीत बंद करून लॅबला द्यायची.

टकटक नसेल तर पहिला संशय केबलवर घ्या. माझ्या अनुभवात डिस्क दिसत नाही म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात. जुन्या पोर्टेबल डिस्कांना ती चपटी, दोन भाग जोडल्यासारखं तोंड असलेली केबल असते ना, ते तोंड वर्षभरात सैल होतं. मावशीची डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली तर दिवा लागे, दोन सेकंदांनी विझे, विंडोजचा तो टुंग आवाज येई आणि लगेच गेल्याचा टुंग. केबल बदलली, घरातल्याच दुसऱ्या डिस्कची लावली, आणि दिवा स्थिर. दोन-चारशे रुपयांत नवी मिळते, घरात एक जादा असू द्या.

मग पोर्ट. अडीच इंची पोर्टेबल डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती वीज यूएसबीतूनच घेते, आणि फिरायला सुरुवात करताना तिला जास्त करंट लागतो. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअरची मर्यादा, यूएसबी ३ च्या पोर्टला ९००, हे पोर्ट बहुतेक ठिकाणी आतून निळं असतं. त्यामुळे हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा डबा) काढून टाका, लांबलचक एक्स्टेन्शन काढून टाका, डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला न लावता मागच्या बाजूला लावा, कारण मागची पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. साडेतीन इंची मोठी डिस्क असेल तर तिला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, तो मेला असेल तरी डिस्क मेल्यासारखी दिसते. शक्य असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरला एकदा लावून बघाच, म्हणजे दोष डिस्कचा की मशीनचा ते तरी कळतं.

तिसरी पायरी: डिस्क मॅनेजमेंटमधे ती कशी दिसते

दिस पीसीमधे डिस्क दिसली नाही म्हणजे कॉम्प्युटरला ती कळलीच नाही असं समजू नका. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, यादीत डिस्क मॅनेजमेंट आहे, ते उघडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते, डिस्क ०, डिस्क १ अशी. डोळे साइझवर ठेवा. १ टीबीची डिस्क इथे ९३१ जीबी दिसते, त्यात कुणी फसवलेलं नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच फरक.

आता पट्टी कशी आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पट्टीवर निळी रेघ आहे, हेल्दी लिहिलंय, एनटीएफएस किंवा एक्सफॅट (या मांडणीच्या पद्धती, यांनाच फाइल सिस्टिम म्हणतात) लिहिलंय, फक्त ई-एफ असं अक्षर नाही: तुम्ही नशीबवान. पट्टीवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, अ‍ॅड, एखादं अक्षर द्या, झालं. काहीही पुसलं जात नाही.

हेल्दी लिहिलंय पण फाइल सिस्टिमचं नावच नाही: ही डिस्क कदाचित मॅकची आहे, लिनक्सची आहे, किंवा टीव्हीने रेकॉर्डिंगसाठी स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. विंडोजला ती वाचता येत नाही आणि म्हणून तीच फॉरमॅटची खिडकी येते. डिस्क ठणठणीत असते. जिथे ती वापरत होतात तिथे लावून आतलं बघा. भावाने परदेशातून आणलेली डिस्क इकडे बिघडली म्हणून फॉरमॅट केली आणि ती मुळात मॅकची होती, असं झालेलं मी पाहिलंय, दोन वर्षांचे नातवंडांचे फोटो होते त्यात.

रॉ लिहिलंय: मांडणी बिघडली आहे. मावशीचं हेच होतं.

काळी पट्टी आणि अनअलोकेटेड: नवी डिस्क असेल तर ठीकच, पण ज्यात डेटा होता अशी डिस्क अशी दिसली तर डिस्कवरच्या भागांची (पार्टिशनची) नोंदच उडाली आहे. डेटा हवा असेल तर इथेही नवं काही बनवू नका. उघडताना इनिशलाइझ करू का (म्हणजे भागांची नोंद नव्याने लिहू का) असं विचारलं तरी तेच, कॅन्सल.

नो मीडिया किंवा साइझच नाही: डब्यातला यूएसबीचा सर्किट बोर्ड जिवंत आहे पण त्याला आतली डिस्क सापडत नाही. केबल-पोर्ट बदलूनही असंच असेल तर घरी करण्यासारखं काही उरत नाही.

चौथी पायरी: आतलं बाहेर काढणं

इथे घाई नको. रिकव्हरीचा एकच मोठा नियम, ज्या डिस्कवरून काढताय त्या डिस्कवर काढलेलं ठेवायचं नाही. दुसरी तेवढीच किंवा मोठी डिस्क हवी, उसनी आणा पण आणा.

डिस्क उघडत असेल, नुसती हळू चालत असेल, एखाद्या फोल्डरवर अडकत असेल, तर आधी सगळ्यात महत्त्वाचा फोल्डर कॉपी करा, मग त्याच्या खालचा. सगळं एकदम सिलेक्ट करून कॉपी लावू नका, मधेच डिस्क दगावली तर नको ते वाचतं आणि हवं ते राहतं.

विंडोजमधे डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक असा एक तपासणीचा पर्याय आहे. डिस्क मधेच ओढून काढल्यामुळे झालेल्या किरकोळ गोंधळाला तो चांगला आहे, पण तो डिस्कवर लिहितो, फायलींचे तुकडे उचलून वेगळ्या फोल्डरमधे टाकतो. म्हणून तो डेटा काढून झाल्यावर वापरायचा, आधी नाही. आणि रॉ डिस्कवर तो चालतच नाही.

रॉ डिस्कसाठी मी फोटोरेक वापरतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, टेस्टडिस्क नावाच्या भावंडासोबत येतं, आणि नावात फोटो असलं तरी ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट सगळं शोधतं. टेस्टडिस्क जास्त ताकदवान आहे पण ते डिस्कवर बदल करू शकतं, पहिल्यांदा करत असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. फोटोरेक बिघडलेल्या डिस्कवरून फक्त वाचतं. त्याची खिडकीवाली आवृत्ती उघडा, वरच्या यादीतून डिस्क निवडा (परत साइझ बघून), त्यातला भाग निवडा, फॅट-एनटीएफएसवाला पर्याय ठेवा, फक्त मोकळी जागा की पूर्ण असं विचारतं तिथे पूर्ण निवडा, काढलेलं कुठे ठेवायचं तिथे दुसरी डिस्क द्या, आणि सर्च. लॅपटॉप चार्जिंगला लावा, स्लीप बंद करा, रात्रभर चालू दे.

एक अडचण आधीच सांगतो म्हणजे निराश होणार नाही. फोटोरेक मांडणीकडे बघत नाही, फायलीच्या आतल्या खुणा ओळखून फाइल उचलतं, त्यामुळे जुनी नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. एफ आणि पुढे सात-आठ आकडे अशा नावाच्या हजारो फायली मिळतात. फोटोंचं एवढं वाईट नाही, कॅमेऱ्याने तारीख फोटोच्या आतच लिहिलेली असते, तारखेप्रमाणे लावता येतात. ओव्यांचं काय करणार? मावशी दोन दिवस माझ्याकडे येऊन राहिली आणि हेडफोन लावून एकेक फाइल ऐकत बसली. जात्याची घरघर मंद असेल तर ती बाजरीची, ही पहाटेची कारण मागे कोंबडा आहे, ही धाकट्या मामाच्या लग्नाआधीची, असं म्हणत वहीत नंबर आणि नाव लिहीत गेली आणि मी शेजारी बसून फायलींना नावं देत गेलो. दोन ओव्या मधेच तुटल्या. फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यात विखुरलेली असेल तर फोटोरेकला ती जोडता येत नाही, ती तेवढी गेली.

काढलेल्या फायली उघडून बघा, मोजू नका. साइझ दिसते म्हणजे फाइल चांगली असं नाही.

आणि दुकानात देणार असाल तर देतानाच सांगा, मला डेटा पाहिजे, डिस्क नको. हे वाक्य असंच्या असं सांगा, पावतीवर लिहून घ्या, नाहीतर फॉरमॅट मारून, छान चालते बघा म्हणून हातात मिळते. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, आतला डेटा देत नाही, तेही आधी लक्षात घ्या.

पाचवी पायरी: डिस्कची तब्येत

डेटा बाहेर आला. आता ही डिस्क परत बॅकअपसाठी वापरायच्या लायकीची आहे का ते बघायचं, ते न बघता फॉरमॅट करणं म्हणजे तडा गेलेल्या माठाला रंग देण्यासारखं आहे.

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या बिघाडांची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर ती बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. उघडलं की वरती मोठ्या अक्षरात निळं गुड, पिवळं कॉशन किंवा लाल बॅड दिसतं. त्यावर भागत नाही, खालच्या यादीत तीन ओळी शोधा. ०५ नंबरची रीअलोकेटेड सेक्टर्स म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेल्या जागा, सी-५ नंबरची करंट पेंडिंग सेक्टर म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयात असलेल्या जागा, आणि सी-६ नंबरची म्हणजे दुरुस्त न झालेल्या. या तिन्हींसमोरचे शेवटच्या कॉलमातले आकडे शून्य असतील तर बरं. ते आकडे हेक्साडेसिमलमधे असतात त्यामुळे मधे एखादं इंग्रजी अक्षर दिसलं तर गोंधळू नका, शून्य ते शून्यच.

सी-५ मधे आकडा असेल आणि पूर्ण फॉरमॅटनंतर तो शून्य झाला, ०५ वाढला नाही, तर कदाचित लाईट जाताना अर्धवट लिहिलेल्या जागा होत्या, चालून जाईल. ०५ चा आकडा दर महिन्याला वाढतोय तर ती डिस्क सिनेमे ठेवायला वापरा, बॅकअपला नको. यात मी अजिबात तडजोड करत नाही. काही डबे यूएसबीतून ही माहिती बाहेरच देत नाहीत, तसं असेल तर पूर्ण फॉरमॅट हीच परीक्षा.

मावशीच्या डिस्कचे तिन्ही शून्य होते. म्हणजे डिस्क चांगली, गोंधळ फक्त मांडणीचा.

सहावी पायरी: आता फॉरमॅट, पण शांतपणे

आधी बाकीच्या सगळ्या यूएसबी डिस्का, पेनड्राइव्ह काढून ठेवा, विशेषतः ज्यावर काढलेला डेटा ठेवलाय ती. डिस्क मॅनेजमेंट परत उघडा. कुठली डिस्क ते नंबरवरून ठरवू नका, साइझवरून ठरवा, आणि खात्री नसेल तर एक्सटर्नल काढा, कुठली पट्टी गायब होते बघा, परत लावा. एवढं केलं की चूक होऊच शकत नाही. यूट्यूबवर डिस्कपार्ट नावाची काळ्या खिडकीतली पद्धत दाखवतात, डिस्कचा नंबर टाइप करून एका शब्दात सगळं साफ. काम करते, पण नंबर एकाने चुकला की लॅपटॉपची दुसरी डिस्क साफ, आणि ती परत विचारतही नाही. नवख्या माणसाने खिडकीतूनच करावं.

पट्टीवर राइट क्लिक करून डिलीट व्हॉल्यूम. पट्टी काळी होईल. मॅकची डिस्क असेल तर सुरुवातीला २०० एमबीचा एक छोटा तुकडा राहतो आणि तो इथून डिलीट होत नाही, राहू द्या, तो त्रास देत नाही. डिस्क इनिशलाइझ करायला सांगितलं तर जीपीटी निवडा, ही भागांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत. जुनी एमबीआर पद्धत २ टीबीच्या पुढची जागा वापरू शकत नाही, आणि आजच्या कॉम्प्युटरवर ती निवडायचं काही कारण नाही. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, साइझ आहे तीच ठेवा, अक्षर द्या, आणि पुढच्या पानावर येतो खरा प्रश्न, फाइल सिस्टिम कोणती.

फक्त विंडोजचा बॅकअप असेल तर एनटीएफएस. कारण सांगतो. एनटीएफएस लिहिण्याच्या आधी आपण काय बदलणार आहोत याची टिपणवही ठेवतं, लाईट गेली तर परत चालू झाल्यावर ती वही बघून मांडणी सावरून घेतं. मधली फाइल अर्धवट राहील पण अख्खी डिस्क रॉ व्हायची शक्यता कमी. एक्सफॅटकडे ही वही नाही. ते मायक्रोसॉफ्टने २००६ मधे आणलं ते मुख्यतः पेनड्राइव्ह, मेमरी कार्डांसाठी, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लिहिता-वाचता येतं हा त्याचा मोठा फायदा, पण जिथे दर पावसाळ्यात लाईट जाते तिथे बॅकअपची डिस्क त्यावर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मावशीची डिस्क टीव्हीवर चालावी म्हणून कुणीतरी एक्सफॅट केली होती, आणि कॉपी चालू असताना लाईट गेली. फॅट३२ विसरा, त्यात ४ जीबीची एक फाइलसुद्धा मावत नाही.

अलोकेशन युनिटच्या पर्यायात डिफॉल्ट आहे तेच राहू द्या. नाव द्या, मराठीत दिलं तरी चालतं, मी 'मावशी बॅकअप' दिलं.

खाली परफॉर्म अ क्विक फॉरमॅटवर टिक असते. नवी डिस्क असेल तर राहू द्या. आजारी पडून उठलेली असेल तर टिक काढा. क्विकमधे फक्त मांडणी नवी होते, पूर्ण फॉरमॅटमधे विंडोज अख्ख्या डिस्कवर शून्य लिहीत जातं, म्हणजे प्रत्येक जागेची परीक्षा होते. जुना डेटा मात्र त्यानंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, तेव्हा चौथी पायरी झाली आहे ना हे परत एकदा बघून मगच. वेळ लागतो, १ टीबीला यूएसबी ३ वर तीनएक तास, यूएसबी २ वर सात-आठ तासही. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून हे काम लॅपटॉपवरच करा, लाईट गेली तरी चालू राहतं. मधेच टक्के अडकून तासन्‌तास हलत नसतील किंवा फॉरमॅट झालं नाही असा मेसेज आला तर डिस्कचं उत्तर मिळालं, तिचा नाद सोडा. पूर्ण झालं की क्रिस्टलडिस्कइन्फोमधे ते तीन आकडे परत बघा.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: डिस्क युटिलिटी उघडा, व्ह्यू मेनूतून शो ऑल डिव्हाइसेस करा, सगळ्यात वरची ओळ निवडा, इरेज, फॉरमॅट एपीएफएस आणि स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप. टाइम मशीनला (मॅकच्या स्वतःच्या बॅकअपच्या सोयीला) द्या आणि दुसऱ्या कशाला वापरू नका. डिस्क मॅकच्या साठवणीच्या निदान दुप्पट असावी. मॅकला एनटीएफएस वाचता येतं पण लिहिता येत नाही, म्हणून विंडोजवाल्या नवऱ्याची डिस्क मॅकवाल्या बायकोला बॅकअपला चालत नाही.

सातवी पायरी: बॅकअप लावणं आणि उघडून बघणं

विंडोजमधे कंट्रोल पॅनेलमधे फाइल हिस्टरी आहे. डिस्क लावा, टर्न ऑन करा, दर तासाला बदललेल्या फायली ती आपणहून घेते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते, म्हणजे कालची फाइल चुकून बिघडवलीत तर परवाची मिळते. पण ती घेते फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज वगैरे. आपल्याकडे बहुतेकांचा कामाचा माल डी ड्राइव्हवर नाव नसलेल्या 'न्यू फोल्डर २' मधे असतो, तो यात येत नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून इन्क्लूड इन लायब्ररी करा, किंवा सरळ हाताने कॉपी करा. मावशीला मी हातानेच करायला शिकवलं, तारखेचा फोल्डर आणि त्यात कॉपी, तिला ते कळतं आणि जे कळतं तेच नियमित होतं.

कॉपी झाल्यावर डिस्क सरळ ओढू नका, खालच्या पट्टीतल्या बाणाजवळच्या आयकॉनवरून इजेक्ट करा. वापरात आहे म्हणाला तर कॉम्प्युटर बंद करून मग काढा. मग त्याच दिवशी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून त्यातल्या पाच-सहा फायली वेगवेगळ्या फोल्डरमधून उघडा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पळवा.

डिस्क कायम लावून ठेवू नये, कॉम्प्युटरमधे खंडणी मागणारा व्हायरस घुसला तर लावलेली डिस्कही तो कुलूपबंद करतो. बॅकअप झाला की काढून, छोट्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसकट, कपाटाच्या मधल्या कप्प्यात. सगळ्यात खालच्या नको, पाणी आलं तर तिथे आधी येतं. आणि जे परत निर्माण होऊ शकत नाही त्याची एक प्रत घराबाहेर हवीच. मावशीच्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत, तिच्या कॉम्प्युटरवर, या डिस्कवर, आणि पुण्यात मावसबहिणीकडे एका दुसऱ्या डिस्कवर, जी दर दिवाळीला मिरजेला येते, भरून परत जाते.

कुठे अडलात आणि ओळखीतल्या कुणाला विचारायचं असेल तर नुसतं डिस्क चालत नाही असं फोनवर सांगून काही कळत नाही. डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीचा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोच्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढा, डिस्क किती टीबीची, कुठल्या कॉम्प्युटरला लावली होती, बिघडताना काय चालू होतं, आणि आवाज येत असेल तर तो रेकॉर्ड करून, हे सगळं एकत्र पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा.